चिंचेने घासलेल्या तारा

बेस कुणाला ऐकूच येत नाही, असं तुम्ही म्हणालात, अध्यक्षसाहेब. आता मान हलवू नका. मंगळवारी संध्याकाळी, धारहून देवासला फोन लावून, स्वतःच्या तोंडाने म्हणालात. आणि म्हणालात कुणाला? अशोक वाघुळद्यांना. जो माणूस दर गणपतीत ती जड बेस गिटार पाठीवर मारून इंदूरला बस बदलतो, घाटाबिल्लोदच्या खड्ड्यांत तिला तान्ह्या पोरासारखी मांडीवर धरून बसतो, आणि तुमच्या मंडळाच्या स्टेजवर अगदी मागच्या कोपऱ्यात, पंख्याचा वारा पोचत नाही तिथे उभा राहून वाजवतो. एका नारळावर आणि उपरण्यावर. त्याला तुम्ही म्हणालात:

"जावईबापू, यंदा स्टेजवर जागा कमी आहे. आपला अंकुर कीबोर्डवर डाव्या हाताने तेच सगळं काढतो. आणि राग मानू नका, पण ते तुमचं वाजतं, ते ऐकू कुणाला येतं?"

वर पुन्हा उपकार केल्यासारखं, "रविवारी तालमीला या. मला ऐकू आलं, तर ठेवू."

मला ऐकू आलं तर! सगळ्या गावाचे कान काय तुमच्या एकट्याच्या नावावर चढलेत?

एक गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती. अशोकराव तेव्हा लसूण सोलत होते, हात चिकट होते, म्हणून फोन स्पीकरवर होता. आणि ओट्याशी कल्पना उभी होती. तुमची कल्पू. तुमच्या शेजारच्या घरात फ्रॉक घालून वाढलेली, लग्न होऊन देवासला गेलेली, आता तिथल्या हिंदी शाळेत पोरांना संस्कृत शिकवणारी. तिने कढईवर झाकण ठेवलं. सगळं ऐकलं.

अशोकरावांनी फोन कोपराने बंद केला आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. बेस काही समोर येऊन नाचणारी चीज नाही."

"म्हणजे काय? तुम्ही गप्प बसणार?"

"अगं, गिअरबॉक्समधला गिअर कुणाला दिसतो का? गाडी चालली म्हणजे झालं."

झालं! जन्म सगळा देवासच्या गिअर कारखान्यात गेला, त्यामुळे हा माणूस बोलतोही तसाच. आपण दिसलो नाही तरी चालेल, मशीन चाललं पाहिजे. असल्या माणसांच्या जिवावरच तुमच्यासारख्यांची अध्यक्षपदं चालतात.

कल्पना कढईकडे वळली. पण तिच्या डोक्यात ते शब्द खडा अडकावा तसे अडकले. ऐकू येत नाही. का येत नाही? तिला तर येतं. लग्न झाल्यापासून येतं. अशोकराव बाहेरच्या खोलीत छोटा स्पीकर लावून बसायचे आणि ती आत पोळ्या लाटायची. मधे भिंत. त्या भिंतीतून कधी गाणं आलं नाही, पण ते खालचं, जाड, गोल असं काहीतरी यायचं आणि तिचं लाटणं त्याच्या चालीवर चालायचं. धारला कार्यक्रम असला तरी ती आतच. माहेरवाशीण ना, प्रसादाच्या पातेल्यापाशी. नवऱ्याला समोर खुर्चीत बसून तिने कधी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने देवाची उपकरणी काढली. गणपती तोंडावर आलेले. समई, ताम्हन, पळी, पंचपात्र, घंटा. सगळं चिंच आणि मीठ लावून घासलं आणि उन्हात मांडलं. उपकरणी अशी लखलखली की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग तिची नजर भिंतीला टेकवलेल्या बेसवर गेली. त्या चार तारा! काळ्याकुट्ट. बोटांचा घाम, धूळ, फोडणीचा धूर, सगळं वर्षानुवर्षं बसलेलं. अवंतीच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, जन्माआधी लावलेल्या त्या तारा. ती मुलगी आता पुण्यात नोकरी करते.

तिला वाटलं, मिळालं. इतका मळ बसल्यावर आवाज बाहेर येईल कुठून?

आणि तिने फडक्याला चिंच-मीठ लावून चारही तारा घासल्या. प्रेमाने, वरपासून खालपर्यंत, समईचा दांडा घासावा तशा. ओल्या फडक्याने पुसल्या, कोरड्याने पुसल्या. तारा चांदीसारख्या चमकायला लागल्या, मग तिने बेस पिशवीत घालून ठेवला. अशोकराव तेव्हा दुकानातून गूळ आणायला गेले होते. तिने ठरवलं, सांगायचं नाही, त्यांना आपसूक दिसू दे.

दिसलं. शुक्रवारी दिसलं. भाद्रपदातली दमट हवा, आणि तारांच्या पोटात शिरलेलं मीठ. अशोकरावांनी पिशवीची चेन उघडली. तारांवर तांबूस बुरशीसारखा गंज फुलला होता. त्यांनी सगळ्यात जाड तार छेडली. ठक. लाकडावर बोट आपटल्यासारखी. दुसरी पिळायला गेले तर ती करकरली आणि खुंटीपाशीच तुटली.

"कल्पना, हे काय झालं?"

ती हात पुसत आली. तिला कळलं. ती एकदम म्हणाली, "मी घासल्या. उपकरण्यांबरोबर."

"कशाने?"

"चिंचेने. आणि मिठाने."

अशोकराव खुर्चीत बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "अगं बाई, त्या मुरलेल्या तारा होत्या! तू तुझ्या आईच्या हातचं लोणचं कधी धुतेस का? बरणीतून काढून, नळाखाली धरून, स्वच्छ करून?"

"मला काय माहीत तारा मुरतात ते!"

"मुरतात ना. नव्या असतात तेव्हा फार बोलतात. पुढे मुरत गेल्या की कामापुरतं बोलतात." त्यांनी तुटलेली तार उचलून तिच्या हातात ठेवली. "जाऊ दे. बरंच झालं. आता रविवारी धारला जायला नको. फोन करून सांगतो, तार तुटली. त्यांनाही बरं, आपल्यालाही बरं."

हे तिला लागलं. तार तुटली म्हणून नाही. हा माणूस मंगळवारपासून न जाण्याचं निमित्त शोधत होता, आणि ते निमित्त आपल्या हातून मिळालं, म्हणून. आयुष्यभर भिंतीतून येणारा तो आवाज आता आपल्या चिंचेने बंद पडणार!

"फोन करायचा नाही," ती म्हणाली. "मी आणते तारा."

"तू? तुला काय कळतं त्यातलं?"

"ब्लाउजपीस मॅचिंग करून आणते ना? तशाच आणीन."

शनिवारी शाळा सुटल्यावर ती ए.बी. रोडच्या आतल्या गल्लीत गेली. तिथे तिचं नेहमीचं मॅचिंग सेंटर आहे, साडीचे फॉल, अस्तर, लेस मिळण्याचं, आणि त्याला लागूनच वाद्यांचं दुकान. इतकी वर्षं तिने त्या दुकानाकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. दुकान मनन नावाच्या तरुणाचं. डोक्यावर टांगलेल्या गिटारी, खाली ढोलक, काउंटरवर चहा.

"बोलो आंटी. बच्चे के लिए गिटार?"

तिने पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेली तार काढली. "भिया, इसका मॅचिंग दे दो."

"मॅचिंग?" मननने तार उजेडात धरली. "ये कलर तो ब्रॉन्झ में आएगा, पर..."

"कलर मत देखो. वो जंग है. मेरे हाथ का."

मननने तारेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तार हुंगली. "आंटी, इसमें से पानीपुरी की खुशबू आ रही है."

"इमली है. आगे बोलो."

तो पोटभर हसला, पण पोरगा भला होता. स्टूल पुढे सरकवलं आणि समजावून सांगायला लागला. बेसच्या तारा मुख्य दोन तऱ्हेच्या. एकीवर बारीक गोल तार गुंडाळलेली असते, ती राउंड. नख फिरवलं की कर्रर्र होतं. दुसरीवर चपटी पट्टी गुंडाळलेली, ती फ्लॅट. नख फिरवलं तर काहीच नाही, केळीच्या पानावरून बोट फिरवल्यासारखं. कल्पनाने अशोकरावांच्या तारेवर जिथे गंज कमी होता तिथे नख फिरवलं. गुळगुळीत.

"फ्लॅट," ती म्हणाली.

"है एक सेट. चर्चवालों ने मंगाया था, फिर उन्होंने पांच तार वाला बेस ले लिया. तब से पड़ा है. पर आंटी, मेरी मानो तो राउंड ले जाओ. गरबेवाले, ऑर्केस्ट्रावाले, सब राउंड. फ्लॅट तो दबा-दबा बजता है. प्रोग्राम में सुनाई देना है कि नहीं?"

सुनाई देना है कि नहीं. बरोबर तुमचीच अट होती ही, अध्यक्षसाहेब. ऐकू आलं तर ठेवू. मननने भिंतीवरचा राउंड तारांचा बेस काढला, स्पीकरला लावला आणि वाजवला. टणटणीत. झगझगीत. दुकानभर झालं. मग एक जुना, कुणीतरी विकायला ठेवलेला बेस काढला, त्याच्यावर फ्लॅट होत्या. धीमा आवाज. शेजारी-शेजारी नवी घंटा आणि जुना रांजण ठेवावा तसा फरक. कुणालाही विचारा, पहिलाच जास्त ऐकू येत होता.

राउंड घ्याव्यात आणि मोकळं व्हावं, असं तिच्या मनात आलं. तुम्ही पहिल्या रांगेत बसणार. तुमच्या कानात टणटण गेली की काम झालं. पण मग ते वाजवतील ते त्यांचं वाटेल का?

ती उठली. "भिया, पाच मिनिटं थांब. मी शेजारी जाते. मी गेले की दोन्ही बजाना. पहले ये, फिर वो. एकच चाल, दोन्हीवर."

"बाजू में कहां?"

ती मॅचिंग सेंटरमध्ये शिरलीसुद्धा. दोन दुकानांच्या मधली ती भिंत, तिच्यावर फॉलच्या रिळांची फडताळं. तिने दोन रिळं बाजूला सारली.

"मॅडम, क्या दिखाऊं? कौन सा कलर?"

"कुछ नहीं. दीवार को कान लगाना है."

त्या दुकानदाराने साड्यांच्या गिऱ्हाइकांचे नाना प्रकार पाहिलेले असतात. त्याने मान डोलावली आणि पंखा बंद केला.

पहिला आला राउंड. आणि गंमत बघा. ती जी टणटण, ती चमक, ती भिंतीपलीकडेच राहिली. इकडे आलं ते काहीतरी खरखरीत, अर्धमुर्धं, दुसऱ्याच्या घरातल्या टीव्हीसारखं. मग फ्लॅट. ती आख्खी आली. भिंत नसल्यासारखी आली, विटांमधून, लाकडी फडताळातून, तिच्या गालातून. कल्पनाचा उजवा हात आपोआप हलला. समोर पोळपाट नव्हता, नाहीतर तिने तिथेच पोळी लाटली असती.

"ये वाला," ती परत येऊन म्हणाली. "दबा-दबा वाला."

"सोच लो आंटी. वापस नहीं होगा."

"मेरे यहां भी नहीं होगा," ती म्हणाली.

फ्लॅटचा सेट महाग निघाला. केवढ्याला, ते तिने अशोकरावांना अजून सांगितलेलं नाही, आणि इथेही सांगणार नाही.

घरी त्यांनी पाकीट उघडलं आणि तारेवर अंगठा फिरवला. मग वर पाहिलं. तिला वाटलं चुकलं काहीतरी.

"फ्लॅट कशा काय आणल्यास? दुकानदार तर राउंडच गळ्यात मारतात."

"मारत होता."

"मग?"

"मी नाही म्हटलं. त्या माझ्यापर्यंत येत नव्हत्या."

अशोकरावांना नीट कळलं नाही, पण त्यांनी जास्त विचारलं नाही. दोघांनी मिळून तारा चढवल्या. तिने पक्कड धरली. टोक जास्तीचं दिसलं म्हणून ती कापायला गेली, तसे ते ओरडले, "थांब! आधी वाकव, मग काप. नाहीतर आतला पीळ सुटतो. काय बाई, एकदा घासलंस, आता कापतेस!" मग नव्या तारा सारख्या सुरातून उतरत राहिल्या. पिळायच्या, वाजवायच्या, पुन्हा पिळायच्या.

"या मुरायला वर्षं जातील," ते म्हणाले.

"मग वाजवा ना. बसलात काय?"

ती आत गेली, तिने कणीक मळायला घेतली, आणि बऱ्याच दिवसांनी भिंत बोलायला लागली.

रविवारी दोघं धारला आले. मंडळाच्या दारात मोरोपंत उभे होते. पेटी वाजवणारे, तुमच्याहून वडील, अजून जुन्या वळणाचं बोलणारे. "यावे जावईबापू. आपली वाटच पाहत होतो. बेस नसला की माझी पेटी उघडी पडते, अंगात सदरा नसल्यासारखी." अंकुर कीबोर्डच्या वायरी जोडत होता, तो म्हणाला, "काका, आलात ते बरं झालं. डावा हात पार गळून जातो हो." म्हणजे ज्यांना वाजवायचं होतं त्यांची काहीच तक्रार नव्हती. तक्रार एकट्या तुमची होती. तुम्ही पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत, मांडीवर टोपी ठेवून बसला होतात.

पहिलं गाणं झालं. मंडळाच्या मुली छान गायल्या. तुम्ही टाळ्या वाजवल्या आणि म्हणालात, "वा. पेटी उत्तम. अंकुर उत्तम. जावईबापू, तुम्ही वाजवत होता ना?"

स्टेजवर कुणी हसलं नाही. अशोकरावांनी मान खाली घातली आणि नुसती खुंटी पिळली. कल्पना दारात उभी होती, तिने ते पाहिलं. आपणच आणल्या या दबलेल्या तारा, तिला वाटलं. ती टणटणीत वस्तू आणली असती तर या माणसाला आता मान खाली घालावी लागली नसती. क्षणभर तिला मननचं दुकान, ती भिंत, ती फॉलची रिळं, सगळ्याचाच राग आला.

आणि मग तिला आठवलं, त्या भिंतीतून काय आलं होतं ते.

"दादा," ती तुमच्याजवळ येऊन म्हणाली, "दुसरं गाणं सुरू झालं की जरा माझ्याबरोबर आत चला."

"आत कुठे? तालीम चाललीय, कल्पू."

"स्वयंपाकघरात. चहा तयार आहे. आणि अट तुमचीच आहे ना, ऐकू आलं तर? मग ऐकायला चला."

लोकांसमोर नाही म्हणता येईना म्हणून तुम्ही उठलात. मंडळाचं ते मागचं स्वयंपाकघर, जिथे तुमच्या घरातल्या, माझ्या घरातल्या, सगळ्यांच्या घरातल्या बायका दर गणपतीत उभ्या असतात आणि कार्यक्रम कधीच बघत नाहीत. त्यांच्यातलीच एक, अंजू, तिथे मोठ्या पातेल्यात चहा ढवळत होती. कल्पनाने दार लावलं.

मुलींचं गाणं त्या दाराने बाहेरच अडवलं. शब्द गेले, नुसतं गुणगुणणं उरलं. पेटी कुठे आहे ते शोधावं लागत होतं. अंकुरचा उजवा हात तर गावातच नव्हता. आणि त्या गुणगुणण्याच्या खाली, भिंतीतून, फरशीतून, जाड, गोल, एकेक पाऊल टाकत काहीतरी येत होतं. मांडणीवरची स्टीलची झाकणं बारीक थरथरत होती. अंजूचं ढवळणं त्याच चालीवर चाललं होतं. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, मी कुठे काय ऐकतेय?

तुम्ही कपाला हात घातलात. घोट घेतलात. आणि तुमचा पाय, अध्यक्षसाहेब, तुमचा उजवा पाय फरशीवर पडायला लागला. कल्पनाने तो पाहिला.

मग ते मधेच बंद झालं. तिला ताबडतोब कळलं, नवी तार उतरली असणार, अशोकराव पिळायला थांबले असणार. झाकणं गप्प झाली. अंजूची पळी अर्ध्यात थबकली. तुमचा पाय तसाच हवेत राहिला.

"थांबले का ते?" तुम्ही म्हणालात. अगदी पटकन. ठरवून नाही.

कल्पनाने गॅस बारीक केला आणि तुमच्याकडे वळली.

"कोण थांबलं, दादा? मुली गातायत. मोरोपंत वाजवतायत, अंकुर वाजवतोय. गाणं तसंच चाललंय, ऐका की. मग थांबलं कोण?"

तुम्ही कपात बघायला लागलात.

"कपात काय बघताय? माझ्याकडे बघा, आणि नाव घेऊन सांगा. थांबलं कोण?"